एका घरासाठी मागितलेली दाद

मराठीत ‘दाद’ हा शब्द दोन वेगळ्या दरबारांत वावरतो. गायक समेवर येतो तेव्हा श्रोता त्याला दाद देतो. आणि आपल्यावर अन्याय झाला आहे असे ज्याला वाटते तो कचेरीच्या दारात दाद मागतो. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ न्याय असा आहे, रसिकाची दाद हा त्याचा पुढचा विस्तार होय. मराठी बोलणाऱ्याला या दोन प्रयोगांत कधी विसंगती जाणवत नाही. कदाचित दोन्हीकडची अपेक्षा एकच असल्यामुळे तसे होत असावे. जे समोर आहे त्याचे मोल जाणत्याने ओळखावे आणि ते शब्दांत सांगावे, एवढीच ती अपेक्षा असते. लंडनमधील एका घराच्या बाबतीत २०१८ ते २०२० या काळात जे घडले त्याकडे पाहताना या शब्दाचे हे दोन्ही अर्थ एकमेकांच्या शेजारी येऊन उभे राहतात.

उत्तर लंडनमध्ये प्रिमरोज हिलच्या टेकडीजवळ किंग हेन्रीज रोड नावाचा रस्ता आहे. हा परिसर ईटन कॉलेजच्या जमिनीवर एकोणिसाव्या शतकात वसला आणि ईटनचा संस्थापक जो सहावा हेन्री, त्याचे नाव या रस्त्याला मिळाले. इंग्लंडच्या अभिजनांच्या शाळेची अशी खूण अंगावर वागवणाऱ्या या रस्त्यावरील दहा क्रमांकाच्या घरात १९२१-२२ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर यांचे बिऱ्हाड होते. वय तिशीचे, खिशात मोजके पैसे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीची तयारी, असे ते दिवस होते. घर मालकीचे नव्हते, मुक्कामही दीर्घ नव्हता. पुढे घराच्या भिंतीवर निळा गोल फलक लागला आणि त्या मुक्कामाची नोंद रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसू लागली. ब्रिटनमधील आंबेडकरी बौद्ध संघटनांच्या आग्रहावरून महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये तीस लाख पौंडांहून अधिक किमतीला हे घर विकत घेतले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले. वह्या, छायाचित्रे, पुस्तके आणि खोलीची पुनर्रचना पाहण्यासाठी माणसे येऊ लागली.

नगररचनेच्या दप्तरात मात्र ते अजून राहण्याचे घर होते. घराचे संग्रहालय करणे हा इंग्लंडच्या कायद्यात ‘विकास’ ठरतो, मग एक वीटही हललेली नसो. त्यासाठी स्थानिक परिषदेची परवानगी लागते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ही परवानगी पूर्वलक्षी रीतीने मागण्यात आली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कॅम्डेनच्या परिषदेने ती नाकारली. नकाराचे मुख्य कारण थोडक्यात सांगता येण्यासारखे होते: राहण्यासाठी असलेले चटईक्षेत्र कमी होते. लोकांची गर्दी, बसगाड्या आणि गोंगाट यांमुळे स्वस्थता भंगते, अशी काही शेजाऱ्यांची तक्रारही वृत्तपत्रांतून गाजली. महाराष्ट्र शासनाने या नकाराविरुद्ध अपील केले.

या नकाराची वार्ता आली तेव्हा भारतात सहज उमटलेली प्रतिक्रिया संतापाची होती. ती समजण्यासारखी असली तरी पुरेशी नव्हती. इंग्लंडचा नगररचना कायदा कशावर उभा आहे हे पाहिल्याशिवाय नकाराचा अर्थ लागत नाही आणि अपिलाचाही लागत नाही. १९४७ मध्ये ब्रिटिश संसदेने जो कायदा केला त्याने जमिनीची मालकी ठेवली, पण ती जमीन हवी तशी वापरण्याचा हक्क मालकाकडून काढून समाजाकडे सोपवला. १ जुलै १९४८ पासून हा कायदा अंमलात आला. तेव्हापासून बांधणे, वाढवणे किंवा वापर बदलणे ही सर्व कृत्ये ‘विचारून करण्याची’ झाली. कोणाच्या घराच्या माळ्याला खिडकी हवी असते, कोणाला मागच्या अंगणात स्वयंपाकघर वाढवायचे असते, कोणाला दोनशे वर्षांच्या जुन्या जिन्याची दिशा बदलायची असते. जे घर वास्तुकलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने विशेष म्हणून सूचीत गेले आहे तेथे हा शिस्तीचा हात घराच्या आतही पोचतो. त्या घराचे ऐतिहासिक रूप बदलेल असे आतले काम, एखादी जुनी शेकोटी किंवा दाराची चौकट काढणेसुद्धा, वेगळ्या संमतीवाचून करता येत नाही आणि केल्यास तो फौजदारी गुन्हा ठरतो.

इतका मोठा हक्क काढून घेणाऱ्या कायद्याने त्याच्या बदल्यात एक गोष्ट दिली. नकार मिळालेल्या माणसाला तो नकार पुन्हा तपासून घेता येतो. साध्या घरदुरुस्तीच्या प्रकरणी बारा आठवडे, इतर बहुतेक प्रकरणी सहा महिने अशी त्याची मुदत असते, आणि नगररचनेच्या अपिलासाठी शुल्क पडत नाही. सूचीबद्ध इमारतीच्या मालकाला तर याहून धीट युक्तिवाद करण्याची मुभा आहे. ही इमारत मुळातच सूचीत राहण्याच्या योग्यतेची नाही, असेही त्याला अपिलात म्हणता येते. ज्या प्रतिष्ठेमुळे हात बांधले गेले त्या प्रतिष्ठेलाच आव्हान देण्याची ही वाट कायद्याने उघडी ठेवली आहे. नाकारलेल्या माणसाने गप्प बसावे अशी त्याची अपेक्षा नाही. मात्र त्याने कारणे द्यावीत, ही अपेक्षा आहे.

दहा क्रमांकाच्या घराचा वाद भिंतींबद्दल नव्हता, वापराबद्दल होता. कायद्याच्या कोष्टकात राहते घर एका वर्गात बसते, संग्रहालय दुसऱ्या. संस्कृतात ‘वास्तु’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूकडे जातो. जेथे वास आहे ती वास्तू. वास्तू सदैव ‘तथास्तु’ म्हणत असते, म्हणून घरात वावगे बोलू नये, असे मराठी घरांतून आजही वडीलधारी माणसे सांगतात. त्या समजुतीप्रमाणे घर ऐकते, लक्षात ठेवते आणि होकार देते. नगररचनेच्या दप्तरातील घर ऐकत नाही. त्याला क्षेत्रफळ असते, वर्ग असतो आणि वापर असतो. कोणी राहून गेले याची नोंद निळ्या फलकावर होऊ शकते, दप्तरात तिला रकाना नाही. घराच्या या दोन कल्पना एकमेकींसमोर आल्या तेव्हा वाद सुरू झाला.

परिषदेची बाजू येथे न्याय्यपणे मांडली पाहिजे. २०१७ मध्ये स्वीकारलेल्या कॅम्डेनच्या स्थानिक आराखड्यात अस्तित्वातील घरे राखण्याचे एक स्वतंत्र धोरण आहे. लंडनमध्ये घर मिळणे किती दुर्घट झाले आहे हे तेथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या कोणाही भारतीयाला सांगावे लागत नाही. आज एक घर स्मृतीसाठी सोडले तर उद्या दुसरे कचेरीसाठी आणि परवा तिसरे अतिथिगृहासाठी मागितले जाईल, ही शंका निराधार म्हणता येत नाही. शिवाय हीच नगरी स्मृतीच्या बाबतीत कृपण आहे असेही नाही. कीट्सचे हॅम्पस्टेडमधील घर, डिकन्सचे डाउटी स्ट्रीटवरील घर आणि फ्रॉइडने अखेरचे दिवस जेथे काढले ते मेअर्सफील्ड गार्डन्समधील घर, ही तीनही आज संग्रहालये आहेत आणि तीनही याच कॅम्डेनच्या हद्दीत येतात. डिकन्स तेथे १८३७ ते १८३९ एवढाच राहिला होता, तेव्हा मुक्काम थोडा होता हा आक्षेप तेथे कधीच टिकला नसता. पहिली दोन घरे १९२५ मध्ये खुली झाली, म्हणजे १९४७ च्या कायद्याच्या पुष्कळ आधी. त्यांना कोणी चटईक्षेत्राचा हिशेब विचारला नाही. स्मृतीला उशीर झाला की तिला अधिक कागदपत्रे दाखवावी लागतात. वसाहतीतून आलेल्या विद्यार्थ्याच्या स्मृतीला उशीर होणे हे अपघाताने घडत नाही, एवढेच येथे नमूद करावेसे वाटते.

‘राहण्याची जागा कमी होते’ हे नकाराचे कारण ज्या माणसाच्या घराबाबत दिले गेले त्याच्या आयुष्यात राहण्याच्या जागेला काय अर्थ होता, हेही पाहिले पाहिजे. १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी आलेल्या, कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या तरुणाला शहरात कोणी आसरा देईना. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. पारशी धर्मशाळेत नाव लपवून काढलेले दिवस काठ्या घेऊन दारात आलेल्या जमावाने संपवले. सामान बाहेर काढून सार्वजनिक बागेत झाडाखाली बसण्याची आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतण्याची पाळी आली. हा प्रसंग त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनपर टिपणांत स्वतःच सांगितला आहे. त्या रात्री त्यांना कोणता अधिकारी दाद देणार होता? नकाराला कारण होते, पण ते कोणापुढे तपासून घेण्याची सोय नव्हती. जातीचा नकार लेखी नसतो, त्याला मुदत नसते आणि त्यावर अपील चालत नाही. तीन-चार वर्षांनी तोच माणूस लंडनच्या एका रस्त्यावर भाडे देऊन राहू शकला, दाराची किल्ली खिशात ठेवून रात्री उशिरा ग्रंथालयातून परत येऊ शकला. साम्राज्याच्या राजधानीत वर्णभेद नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीही बडोद्याच्या बागेपासून किंग हेन्रीज रोडपर्यंतचे अंतर मैलांत मोजता येण्यासारखे नाही. परिषद म्हणते ते घर राहण्यासाठी राखले पाहिजे. येणारी माणसे म्हणतात की राहायला मिळणे म्हणजे काय, हे सांगण्यासाठी ते घर राखले पाहिजे. दोन्ही बाजू निवासाचीच भाषा बोलत होत्या.

हा वाद ज्या रीतीने ऐकला गेला ती रीत भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला अपरिचित वाटणार नाही. इंग्लंडमध्ये असे अपील तीन मार्गांनी चालते: केवळ लेखी निवेदनांवर, गोल टेबलाभोवतीच्या सुनावणीने, किंवा उलटतपासणीसह सार्वजनिक चौकशीने. निर्णय देणारा निरीक्षक स्थानिक परिषदेचा नसतो, आणि निर्णयाचा एक ठराविक साचा असतो. प्रथम स्थळाचे वर्णन, मग मुख्य मुद्दा, मग प्रत्येक पक्षाचे म्हणणे त्या पक्षाला मान्य होईल अशा शब्दांत, मग निष्कर्ष, आणि शेवटी अटी. आपल्या मीमांसकांनी अधिकरणाचा जो आकार ठरवला त्यात विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय हीच पावले येतात. पूर्वपक्ष जोमदार मांडल्याखेरीज सिद्धान्ताला बळ येत नाही, ही जाण दोन्हीकडे आहे. या साच्यात एक चमत्कारिक नियम आहे. निरीक्षक जागा पाहायला जातो तेव्हा दोन्ही पक्षांचे लोक बरोबर असले तरी तेथे युक्तिवाद करण्यास मनाई असते. फार तर ‘ती खिडकी पाहावी’ एवढे म्हणता येते. जिन्यावरून, खोल्यांतून, अंगणातून सारे जण मुकाट्याने हिंडतात आणि ज्याच्यासाठी भांडण चालले आहे त्या घरालाच तेवढा वेळ बोलू दिले जाते. वास्तू ‘तथास्तु’ म्हणते ती बहुधा अशाच शांततेत ऐकू येत असावी.

मात्र पद्धतीचे हे साम्य दाखवून समाधान मानणे धोक्याचे आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात, पहिल्या पादात, यज्ञाचा अधिकार कोणाला हा प्रश्न याच शिस्तीने चर्चिला आहे. शूद्रांसह सर्वांना अधिकार आहे, हे बादरीचे मत तेथे पूर्वपक्ष म्हणून येते आणि खोडले जाते. आकार निर्दोष, पण निष्कर्ष असा. तेव्हा युक्तिवादाचा रेखीव साचा न्यायाची हमी देत नाही. त्या अधिकरणात एक गोष्ट नव्हती. ज्याचा अधिकार नाकारला जात होता तो स्वतः तेथे उपस्थित नव्हता. त्याच्या वतीने बादरी बोलला, आणि बादरी हरल्यावर पुढे जायला जागा उरली नाही. अपिलाची सोय ही नेमकी ही उणीव भरून काढते. जो नाकारला गेला तोच पुढे येतो, स्वतःच्या कारणांसह.

येथे मुख्य पेच होता तो नियमाचा. २००४ च्या एका कायद्यातील तरतुदीप्रमाणे नगररचनेचा निर्णय आराखड्याला धरूनच झाला पाहिजे, मात्र इतर विचारार्ह बाबी वेगळे सुचवत असतील तर ती गोष्ट निराळी. वाक्याच्या या दुसऱ्या अर्ध्या भागावर सारी अपिले जगतात. व्याकरणात ज्याला उत्सर्ग आणि अपवाद म्हणतात तेच हे नाते होय. उत्सर्ग सर्वत्र लागू पडतो, अपवादाला आपले निमित्त दाखवावे लागते, आणि निमित्त सिद्ध झाले की तो उत्सर्गाला बाजूला सारतो. उत्सर्ग त्यामुळे खोटा ठरत नाही, फक्त त्या एका ठिकाणी थांबतो. आराखड्यातील घरे राखण्याचे धोरण चूक आहे असे महाराष्ट्राला सिद्ध करायचे नव्हते. या एका घरापाशी त्याने का थांबावे, एवढे दाखवायचे होते.

‘विचारार्ह बाब’ या कल्पनेसाठी इंग्रजी कायदा जो शब्द वापरतो त्याचा व्यवहारातील अर्थ जड, पदार्थमय असा आहे: मटीरियल. भाषांतरकाराची येथे गंमत होते. शब्दशः गेल्यास ‘भौतिक बाब’ असे काहीतरी हाती येते, आणि स्मृती तर भौतिकाच्या नेमकी उलट. प्रत्यक्षात कायद्याचा अर्थ ‘निर्णयाशी संबंध असलेली’ एवढाच आहे. तरीही तो मूळ अर्थ पुसला गेला आहे असे वाटत नाही, कारण या क्षेत्रातील माणसे अशा बाबींना ‘वजन’ देतात: अल्प वजन, मध्यम वजन, मोठे वजन. एका पारड्यात काही चौरस मीटर राहण्याची जागा आणि दुसऱ्यात एका विद्यार्थ्याची वर्षभराची वस्ती. स्मृतीला वजन नसते असे कवी म्हणतील. अपिलात ते ठरवावे लागते आणि कारणासहित लिहावे लागते. दाद या शब्दाचे दोन अर्थ येथे एकत्र येतात, कारण न्याय द्यायचा तर आधी मोल ओळखावे लागते.

हे मोल ओळखण्याच्या वाटेत आणखी एक अडसर होता. ब्रिटनमधील कोणत्याही सार्वजनिक संस्थेने निर्णय घेताना समतेचा विचार केला पाहिजे, असे २०१० चा समता कायदा सांगतो. त्या कायद्याने संरक्षण दिलेल्या लक्षणांत वंश आहे, धर्म आहे, पण जात हा शब्द स्वतंत्रपणे नाही. तो घालावा असे संसदेने २०१३ मध्ये ठरवले होते. जुलै २०१८ मध्ये सरकारने तो बेत सोडला आणि प्रश्न न्यायालयीन निर्णयांवर सोपवला. किंग हेन्रीज रोडच्या घराला नकार मिळाला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. परंतु ज्या देशाच्या कायद्यात जातीला अजून आपले नाव मिळालेले नव्हते त्या देशात जातिअंताच्या विचारवंताचे घर काय सांगू शकते, हा प्रश्न त्यामुळे अधिक टोकदार झाला हे खरे.

सप्टेंबर २०१९ मध्ये सार्वजनिक चौकशी झाली. अंतिम निर्णयाचा अधिकार निरीक्षकाऐवजी मंत्र्याने स्वतःकडे घेतला होता, तशी तरतूद कायद्यात आहे. १२ मार्च २०२० रोजी त्या खात्याचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी अपील मंजूर करून संग्रहालयाला अटींसह परवानगी दिली. भारतात याचे स्वागत विजय म्हणून झाले. दोन सरकारांचे संबंध, परदेशस्थ भारतीयांचे वजन, या गोष्टी मंत्र्याच्या मनात नसतील असे कोणी म्हणणार नाही. तरी मंत्र्यालाही ‘माझी इच्छा’ असे लिहून भागत नाही. त्याला कारणे द्यावी लागतात आणि त्या कारणांना सहा आठवड्यांच्या आत उच्च न्यायालयात आव्हान देता येते. एक विषमता मात्र उरतेच. अपील करण्याचा हक्क केवळ अर्जदाराला आहे. परवानगी मिळाली म्हणून ज्या शेजाऱ्याची झोप बिघडेल त्याला चौकशीत बोलता येते, अपील करता येत नाही. ज्या घराचे महत्त्व दाद मागण्याच्या हक्कातून सिद्ध झाले त्या घराच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्याला तो हक्क नाही, याची जाणीव स्मारकाला भेट देणाऱ्यांनी ठेवावी आणि बोलण्याचा आवाज जरा खाली आणावा. तोही वास्तूचा मान आहे.

या प्रकरणाची मराठी बाजू अजून सांगायची राहिली आहे. महाराष्ट्रात स्मारके पुष्कळ होतात. घोषणा होते, कुदळ मारली जाते, फीत कापली जाते. अमुक स्मारक येथेच का, या घरातच का, या स्मृतीने कोणते प्रयोजन साधावे, असे विचारणारा कोणी अधिकृत पूर्वपक्ष नसतो आणि म्हणून उत्तरपक्ष कधी लिहिला जात नाही. उद्घाटनानंतर २०१८ पर्यंत हे लंडनचे घरही त्याच पद्धतीने चालले. कॅम्डेनच्या नकाराने महाराष्ट्र शासनाला बहुधा प्रथमच एका स्मारकाबद्दल परक्या पंचासमोर, साक्षीपुराव्यानिशी, उलटतपासणीला सामोरे जाऊन कारणे द्यायला लावली. ज्यांच्या स्मृतीसाठी हे झाले ते स्वतः बॅरिस्टर होते. त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग येथे आठवतो. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये सादर झाला तेव्हा परीक्षकांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही. फेरमांडणी करण्यास सांगितले. त्यांनी निष्कर्ष न सोडता मांडणी सुधारली आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळवली. हार घातलेल्या तसबिरीपेक्षा ही फेरमांडणी त्यांच्या स्वभावाला अधिक जवळची होती.

आणि मायभूमीत? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्येही अपिलाचे कलम आहे. सत्तेचाळिसाव्या कलमाप्रमाणे परवानगी नाकारली गेल्यास अर्जदाराला चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे दाद मागता येते. मुंबईत वारसा वास्तूंसाठी १९९५ पासून स्वतंत्र नियम आणि समिती आहे. कायद्याचे शब्द आपल्याकडे कमी नाहीत. तरी २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि त्याच आवारातील बुद्धभूषण छापखाना यंत्रांनी जमीनदोस्त केला गेला. ज्या छापखान्याची नाळ आंबेडकरांच्या पत्रांशी आणि चळवळीच्या कागदांशी जोडलेली होती तो हलवावा की राखावा, इमारत मोडकळीस आली होती की नव्हती, याची चर्चा विटा पडल्यानंतर झाली. मालकीचा आणि विश्वस्तांचा वाद आपल्या जागी राहो. येथे प्रश्न क्रमाचा आहे. लंडनमध्ये त्या माणसाने वर्षभर भाड्याने राहिलेल्या घरावर दीड वर्ष कागद चालला, शेजाऱ्याचे ऐकले गेले, परिषदेचे ऐकले गेले, मग निर्णय झाला. दादरमध्ये आधी निर्णय झाला. ‘दाद ना फिर्याद’ हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळलेला आहे याचे कारण शोधायला भाषाशास्त्राकडे जाण्याची गरज नाही. पुढच्या महिन्यात मुंबईत निघालेल्या प्रचंड मोर्चाने ती दाद रस्त्यावर मागितली. कचेरीत ती वेळेवर ऐकली गेली नाही म्हणून रस्त्यावर मागावी लागली.

परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत आंबेडकरांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली. लंडनहून परतल्यावर ते तेथेच आले, आणि पुढे पुस्तकांसाठी म्हणून हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. अशा जागांचे काय करावे, त्या राखाव्यात की राहणाऱ्यांना नवी घरे द्यावीत, हा प्रश्न मुंबईत पुन्हा पुन्हा उभा राहणार आहे. चाळीत राहणाऱ्यांची घराची गरज ही कॅम्डेनच्या धोरणाइतकीच खरी आहे, आणि स्मृतीची गरजही किंग हेन्रीज रोडइतकीच खरी. तेव्हा तेथे कोणीतरी पूर्वपक्ष नीट लिहावा, तो राहणाऱ्यांना मान्य होईल अशा शब्दांत लिहावा, त्याला कारणासहित उत्तर द्यावे आणि खोल्यांतून मुकाट्याने एकदा फिरून यावे. निर्णय काहीही होवो. ज्यांना बडोद्यात कारण न विचारता बाहेर काढले गेले त्यांच्या घरांबाबत तरी कारणे लेखी असावीत, आणि ती पटली नाहीत तर पुढचे दार कोणते हे त्याच कागदावर खाली लिहिलेले असावे.